वर्गाबाहेरचा तास शनिवारपुरता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे कृती-उपक्रमांचा शनिवार, आला, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे ‘बाहेरचे सगळे शनिवारी’ असा समज बऱ्याच शाळांत रुजतो आहे. ज्या शाळा शनिवारी सकाळी भरतात, त्या दुपारच्या आत सुटतात. मग चौथीच्या मुलांना दिवसातली सर्वांत लहान सावली दाखवायची कधी?

या एका सावलीतून केवढे शिकता येते पाहा. मैदानात एक मीटरची काठी रोवायची. १५ जानेवारीच्या सुमारास पुणे परिसरात दुपारी बाराला तिची सावली साधारण ८७-८८ सेंमी भरते. ती कमी होत होत १२ वाजून ४४ मिनिटांच्या आसपास ८२-८३ सेंमीवर येते आणि तिथून पुन्हा वाढू लागते. नागपुरात हाच क्षण वीसेक मिनिटे आधी येतो. ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे पाठ केलेल्या मुलांना आपल्याच पट्टीने वेगळे उत्तर मिळते, तेव्हा प्रश्नांची झुंबड उडते. घड्याळाची वेळ देशभर एकच, सूर्य मात्र पूर्वेकडच्या गावांना आधी माध्यान्ही येतो, हे सांगण्याची वेळ तेव्हाची. आधी सांगितले तर मोजण्यात जीव राहत नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा काठीमुळे. काठी पाचच अंश सूर्याकडे किंवा सूर्यापासून कलली, तरी सावलीत आठ-नऊ सेंमीचा फरक पडतो. मोजायचा फरकच पाच सेंमीचा, म्हणजे सगळे मुसळ केरात. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करावा आणि काठी दोन बाजूंनी तपासावी. जमीन सपाट हवी. सावलीचे टोक पुसट दिसते, म्हणून खूण करणारे मूल शेवटपर्यंत एकच ठेवावे. पावणेबारापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी खूण पुरते. मधल्या खुणांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असतो. तिथे मुले हमखास भांडतात. भांडू द्यावे आणि पुन्हा मोजायला लावावे.

पावसाळ्यात चौरसाचे काम घ्यावे. चार मीटर सुतळीचे कडे आणि चार खुंट्या घेतल्या की एक चौरस मीटर जागा आखली जाते. तीस मुलांना सहा चौरस, प्रत्येकी पाच जण. कितव्याने काय करायचे ते वर्गातच ठरवून निघावे, कारण हात रिकामा राहिलेले मूलच पळत सुटते. गवत घोट्याइतकेच असावे, काठीने आधी चाळवून पाहावे, आणि गाजरगवताची जागा टाळावी, त्याने अंगाला खाज सुटते. पावसात शाई पसरते, म्हणून पेन्सिलच द्यावी. चौरसात किती प्रकारची पाने आहेत, एवढाच प्रश्न विचारावा. टाकळा, आघाडा, दूर्वा ही नावे बाईंनी आधी सांगितली की मुले पानाकडे बघायचे सोडून बाईंकडे बघतात. वीस मिनिटे बाहेर, मग पंधरा मिनिटे वर्गात बोलणे, हे प्रमाण सोडू नये. बोलणे राहिले तर तो तास नुसती भटकंती होतो.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला तोच चौरस पाहिला तरच त्याला अर्थ आहे. आणि नेमके इथेच घात होतो: पंधरा ऑगस्टच्या आधी मैदानाची साफसफाई निघते आणि मुलांचे चौरस तणासकट उपटले जातात. ते कुंपणाच्या कडेला घ्यावेत, भोवती चुन्याची रेघ मारावी आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवावे.

‘मुले उन्हात का बसवलीत?’ असे पालक विचारतात, तेव्हा हा तास वेळापत्रकात गणित किंवा परिसर अभ्यास म्हणून लिहिलेला असला की उत्तर देता येते. लांबी मोजणे आणि तक्ता भरणे हे गणितच आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली, ती मुले होती तिथेच. आपल्याला तर फक्त पायरी उतरून मैदानात यायचे आहे.

आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना विनंती आहे की, जानेवारीत शिक्षकांची जी शिक्षण परिषद भरते तिच्यात सावलीचा हा प्रयोग शिक्षकांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावा, आणि ओळंबा शिक्षकांनीच बांधावा.

— एक प्राथमिक शिक्षिका, जि. पुणे