बर्फाची तोफ आणि ओलं फडकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात उत्तराखंडातल्या औली या स्कीच्या ठिकाणाविषयी एका वाचकाचं पत्र वाचलं. तिथे बर्फ बनवायची यंत्रं आहेत, रात्री पारा शून्याखाली जातो, तरी यंत्रं बंद असतात, म्हणजे हा निव्वळ आळस, असं त्यांचं म्हणणं. औलीच्या कारभाराबद्दल मी बोलणार नाही, मी तिकडे गेलेलो नाही. पण ‘थंडी आहे म्हणजे बर्फ व्हायलाच हवा’ हे त्यांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. हर्णै बंदरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात मी ३१ वर्षं ऑपरेटर होतो. गेल्या नोव्हेंबरात लेकीकडे अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गेलो, तेव्हा घरापासून अर्ध्या तासावरच्या एका लहानशा स्की टेकडीवर हा बर्फ बनवण्याचा उद्योग जवळून पाहिला. म्हणून हे पत्र.

टेकडी ती केवढी! आम्ही आसूदला केशवराजाच्या देवळाकडे चढून जातो, तेवढीच वाटावी. नातवाचं नाव स्कीच्या वर्गात घातलेलं. उघडण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली, तेव्हा जावई वैतागले आणि मला उत्सुकता वाटायला लागली. एका रात्री अकराच्या सुमारास आम्ही गाडी घेऊन गेलोच. लांबूनच कॉम्प्रेसरचा आवाज आला आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. उतारावर खांब, त्यांच्या टोकाला नळ्या, त्यांतून दाबाखालची हवा आणि पाणी एकदम बाहेर फेकलं जात होतं. पाण्याचे बारीक थेंब खाली येईपर्यंत हवेतच गोठतात. यालाच ते लोक ‘तोफ’ म्हणतात.

त्या रात्री तापमान होतं शून्याच्या वर १ अंश, आणि तोफा चालू होत्या. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तर उणे १, धुकं, आणि सगळं बंद. जावई इंजिनिअर आहेत, पण कॉम्प्युटरचे. ते म्हणाले, “बाबा, हे उलटंच नाही का?” मी म्हटलं, उलटं काही नाही, आमच्या ऑगस्टसारखंच आहे.

हे जरा फोडून सांगायला हवं. बर्फाच्या कारखान्यात मागच्या बाजूला कंडेन्सरच्या नळ्यांवरून सतत पाणी पडत असतं. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं, बाकीचं गार होतं आणि त्या गारव्यावर आतल्या अमोनिया वायूचा (बर्फ गोठवण्याचं काम तोच करतो) पुन्हा द्रव होतो. १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली की सगळ्या नौकांना एकाच वेळी बर्फ लागतो. नेमकी तेव्हा हवा पाण्याने इतकी भरलेली असते की आणखी वाफ घ्यायला तिच्यात जागाच नसते. पाणी गार होत नाही, प्रेशर चढतं, बर्फाच्या लाद्या धरायला उशीर होतो. बाहेर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, ओरडतो, आत मालक ओरडतो. माझ्या वस्तादाने पहिल्याच पावसाळ्यात दोनपैकी एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तो माझ्यासमोर टांगला आणि म्हणाला, “कोरड्याकडे बघू नकोस, याच्याकडे बघ.” यालाच वेट बल्ब म्हणतात. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि पारा खाली येतो. हवा दमट असेल तर दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखेच. विदर्भात माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं आणि आमच्याकडे माठ नुसता कोपऱ्यात शोभेला, त्याचं कारण हेच. कूलर विकणाऱ्यांना मात्र हे कोणीतरी सांगायला हवं.

तोफेतून निघालेल्या थेंबाचंही तसंच. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं, एक ग्रॅम उडून जाताना साधारण ६०० कॅलरी सोबत नेतं. म्हणजे थोडं पाणी उडालं की उरलेलं गोठायला मोठाच हातभार लागतो. १ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा पारा उणे ३ पर्यंत जातो, बर्फ होतो. उणे १ आणि धुकं असेल तर तो उणे १ च्या आसपासच राहतो, आणि तोफेतून पडतं ते निव्वळ गार पाणी. साधारण उणे २ च्या खाली गेल्याशिवाय काम सुरू होत नाही. तिथले लोक फॅरनहाइटमध्ये बोलतात. त्यांचा आकडा अठ्ठावीस, आणि तोही ओल्या फडक्याचाच.

पाळीवर एक दाढीवाला गृहस्थ होता. मी अमोनियाच्या प्लांटवर होतो हे जावयांनी सांगितल्यावर त्याने मला तोफेखाली नेलं आणि हात पुढे करायला सांगितला. कोटाच्या बाहीवर कण पडून उडाले तर बर्फ कोरडा, चिकटून डाग पडला तर ओला. मग तो पाणी कमी करतो किंवा पंप बंद करतो. आम्ही क्रशरच्या आवाजावरून लादी कच्ची की पक्की ते ओळखायचो, त्यातलाच प्रकार. त्याला म्हटलं तर हसला. कळलं किती देव जाणे, माझं इंग्रजी बंदरावरचं.

त्यांची धावपळ असते नाताळच्या आठवड्यासाठी. त्यांचा तो गणपतीचा सीझन. तोपर्यंत उतारावर जाड थर बसला नाही तर वर्षाचं गणित बसत नाही. पण नोव्हेंबरात जमीन अजून उबदार, तळ्यातलं पाणी उबदार, आणि हवी तशी कोरडी थंडी मिळते ती रात्री पाच-सहा तास. तेवढ्यासाठी माणसं बोलवायची, पंप चालू करायचे, आणि थांबताना नळ्या रिकाम्या करायच्या, नाहीतर आत पाणी गोठून फुटतात. पाणीही थोडंथोडकं नाही. एक एकरावर फूटभर बर्फ अंथरायचा तर ६ लाख लिटरच्या आसपास. म्हणजे १० हजार लिटरचे ६० टँकर! मे महिन्यात एका टँकरसाठी ताटकळणाऱ्या आमच्या वाड्यांना हे वाचून काय वाटेल ते वाटो. एवढं करून तिसऱ्या दिवशी तिथे पाऊस आला. सकाळी उतारावर पांढरा पट्टा राहिला होता, नेसायच्या लुंगीएवढा अरुंद, आणि बाकी चिखल.

याच कनेक्टिकट राज्यात मोहॉक माउंटन नावाची स्की टेकडी आहे. १९५० च्या सुमारास बर्फ पडेना म्हणून तिच्या मालकाने ट्रकांनी लाद्या आणून, फोडून उतारावर पसरल्या होत्या. हे ऐकून मी जावयांना दोनदा विचारलं, खरंच लाद्या? त्याच राज्यात १९५० मध्ये स्की बनवणाऱ्या तिघांनी रंग मारायच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेचा पाइप जोडून पहिली तोफ केली. आज सगळं तिच्याच जिवावर चालतं. २०२२ चं बीजिंग हिवाळी ऑलिंपिक जवळपास पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झालं. आणि आपल्याकडे गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. तेव्हा पत्रलेखक महाशयांनी आळसाचा निकाल देण्याआधी त्या रात्रीची आर्द्रता किती होती, तळ्यात पाणी किती होतं, एवढं तरी विचारावं.

आता मूळ विनंती. आपल्या अंकात रोज कमाल आणि किमान तापमान छापता. त्याखाली ओल्या फडक्याचंही छापा. नागपूरचे ४४ अंश वाचून आम्ही हळहळतो, पण तिथे आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब २३ च्या घरात असतो. इकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तो २९ वर जातो, घाम वाळत नाही, अंग निवत नाही. मे महिन्यात किनाऱ्यावर भर उन्हात सुकी मासळी पसरणाऱ्या बायकांना चक्कर येते, तेव्हा पेपरात ‘कोकणात तापमान सामान्य’ असं छापलेलं असतं.

एका ओळीची जागा लागेल. थर्मामीटर हवे असतील तर माझ्याकडे दोन आहेत, एक फडक्यासकट.

आपला,
एक निवृत्त बर्फ कारखाना ऑपरेटर
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी