संगणकाला कामाला लावणारी मुलं

महोदय,

मुलांचं वर्गात लक्ष लागत नाही, या विषयावर आपल्या अंकात आलेली पत्रं गेले काही दिवस वाचते आहे. कुणी लिहितं, वर्गावर्गात संगणकाचे पडदे बसवा म्हणजे मुलं रमतील. कुणी लिहितं, या पडद्यांनीच मुलांची वाट लावली, ते आधी काढून टाका. गेली २२ वर्षं मी गणित आणि विज्ञान शिकवते आणि दोघांचंही म्हणणं माझ्या वर्गात खरं झालेलं मी पाहिलं आहे. मला विचाराल तर पडद्यावर जे चाललंय ते कुणाच्या डोक्यातून आलंय, हे आधी बघावं.

एक प्रसंग सांगते. सातवीच्या मुलांना स्क्रॅचवर पंचकोन काढायचा होता. स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी आणलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर त्याबरहुकूम चालतं, आणि पेन टेकवायला सांगितलं असेल तर मागे रेघ उमटते. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. वर्षभरात तिने स्वतःहून एकदाही हात वर केला नव्हता. तिने आज्ञा जोडल्या: शंभर पावलं चाल, १०८ अंश वळ, हे पाच वेळा कर. सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो हे तिला पाठ होतं, आणि ते बरोबरच आहे. लेखी परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते. मांजर मात्र भलतीकडेच गेलं. रेघा एकमेकींना छेदून गेल्या आणि आकृती उघडीच राहिली.

एरवी तिने खोडून टाकलं असतं. इथे खोडण्याआधी तिने सहज पाचच्या जागी दहा लिहून पाहिलं, आणि पडद्यावर दहा टोकांची चांदणी पूर्ण झाली. शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या. "बाई, मी पंचकोन सांगितला होता, हे काय झालं?" असं तिने सगळ्या वर्गादेखत विचारलं. तिचा तो पहिला प्रश्न.

मी उत्तर दिलं नाही. खडूने जमिनीवर मोठा पंचकोन काढला आणि तिला म्हटलं, तूच मांजर हो. ती एक बाजू चालली, कोपऱ्यावर थांबली आणि वळताना स्वतःच्या पावलांकडे बघत राहिली. "मी १०८ वळतच नाहीये. मी सरळ जायच्या ऐवजी जेवढी वळले तेवढंच वळले." म्हणजे १८० वजा १०८, म्हणजे ७२. पूर्ण फेरी मारली की पाच वेळा ७२, म्हणजे ३६०. बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी ते एका मुलीच्या पायांना कळलं. तिसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत मला शोधत आली. दहा वेळा १०८ म्हणजे १०८०, म्हणजे बरोबर तीन फेऱ्या, म्हणून ती चांदणी पूर्ण झाली होती. हे तिने एकटीने शोधलं होतं.

या सगळ्यात संगणकाने काय केलं? मुलीचं म्हणणं जसंच्या तसं अमलात आणून दाखवलं, ताबडतोब आणि न रागावता. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या चुकीचा मान राखून ती शेवटपर्यंत नेऊन दाखवणं मला जमत नाही, कितीही जीव तोडला तरी. इथे संगणक माझ्या मदतीला येतो. कल्पना काही आजची नाही. वॉली फॉयर्झीग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, आणि पुढे तिच्यातलं कासव मुलांनी सांगितलेल्या आज्ञांवर चालू लागलं. सुरुवातीचं कासव तर जमिनीवर खरोखर फिरणारं यंत्र होतं.

याच्या उलटही सांगायला हवं. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे मोठा खर्च करून प्रत्येक वर्गात पडदा बसवला आणि धड्यांच्या तयार चित्रफिती आणल्या. पहिले पंधरा दिवस मुलं एकदम गप्प. आम्हीही खूश होतो. मग लक्षात आलं की चित्रफीत संपल्यावर प्रश्न विचारला तरी मुलं तशीच गप्प आहेत. चित्रातला विचार दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवला होता, मुलांना करायला काही उरलंच नव्हतं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१५ साली अनेक देशांतल्या शाळांचा अहवाल काढला. ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर पैसा ओतला, तिथे वाचन, गणित वा विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नव्हती. तो वाचून मला नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं.

म्हणून माझ्या वर्गात एकच नियम आहे: आधी वहीत अंदाज, तोही पेनाने, आणि मग माऊसला हात. विजेच्या धड्याला मी फेट या उपक्रमातलं सिम्युलेशन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचा प्रयोग, वापरते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम सुरू केला. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत लावले तर कुठला जास्त उजळेल? निम्म्याहून अधिक मुलं लिहितात, पहिला. कारण तो वीज आधी 'खाऊन टाकतो'. पडद्यावर दोन्ही सारखेच उजळतात आणि वर्गात चुळबुळ सुरू होते. मग मी खरे सेल, खऱ्या तारा आणि खरे बल्ब काढते. एकदा खऱ्या जोडणीत दुसरा बल्ब जरासा मंद लागला. "बघा, मी म्हणतच होतो!" एक मुलगा ओरडला. दुसरा म्हणाला, बल्बांची अदलाबदल करून बघू. केली, तर तोच बल्ब पहिल्या जागीही मंदच. दोष जागेचा नव्हता, बल्बचा होता. हा तास नुसत्या पडद्यावर झाला नसता आणि पडद्याशिवायही रंगला नसता.

ऑनलाइन क्विझबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो आधी बटण दाबेल त्याला जास्त गुण, या पद्धतीत तीच चार मुलं जिंकतात आणि बाकीची अंदाजपंचे दाबू लागतात. मी घड्याळ बंद करते. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात जी रीत घालून दिली ती मला पटते: प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. त्या मधल्या वादातच खरं शिकणं होतं. यंत्र फक्त मतं मोजतं, आणि ते काम रंगीत कार्डांनीही भागतं.

प्रश्न विचारला की निबंध लिहून देणाऱ्या नव्या साधनांनाही माझा तोच नियम लागू आहे. आधी स्वतःचा कच्चा मजकूर, मग त्यातल्या चुका दाखवायला सांगायचं, आणि त्याने दाखवलेली चूक खरोखर चूक आहे का हे पुस्तकात तपासायचं. ते ठामपणे चुकीचंही सांगतं, हे मुलांनी स्वतः पकडलेलं बरं.

शाळाचालकांना हात जोडून विनंती आहे की पुढचा पडदा घेण्याआधी शिक्षकाला तयारीसाठी आठवड्यातला एक तास द्या. स्क्रॅच, गणिताच्या आकृत्या काढून हलवून बघायचं जिओजेब्रा, फेट यांना पैसे पडत नाहीत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. एका संगणकावर दोन मुलं बसली तर कमीपणा वाटून घेऊ नका. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. बोलून दाखवावं लागतं तेव्हा विचार नीट होतो.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक असा प्रश्न छापा, ज्याचा अंदाज मुलं आधी वहीत लिहितील आणि मग संगणकावर पडताळतील. पहिला मी देते: स्क्रॅचच्या मांजराला शंभर पावलं चाल, १४४ अंश वळ, असं पाच वेळा करायला सांगितलं तर काय उमटेल? उत्तर मात्र छापू नका.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका