टेक्सासात हरणं आहेत, पण रान कुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या छंदांवर एक लेख आला होता. घरबसल्या नोकरी करणाऱ्या आणि शिकारीची आवड लागलेल्या तरुणांनी बिऱ्हाड कुठे हलवावं, याची यादी त्यात होती आणि पहिला नंबर टेक्सासला दिला होता. कारण, तिथे हरणं सगळ्यात जास्त. मग वाचकांची उलटसुलट पत्रंही आली. मी ह्यूस्टनजवळ बरीच वर्षं काढून आता वायोमिंगमध्ये कॅस्परला राहते. तेलक्षेत्रातली भूगर्भशास्त्रज्ञ असल्यामुळे नोकरी दोन्हीकडे मिळण्यासारखी होती. गाव बदललं ते मुख्यतः शिकारीसाठी. लेखकाने मोजणी बरोबर केली आहे, पण भलत्याच गोष्टीची, एवढं सांगायला हे पत्र.

टेक्सासात पांढऱ्या शेपटीची हरणं पन्नास लाखांच्या आसपास आहेत, हे खरं. रानडुकरांची तर गणतीच नाही. शिवाय आपल्या वाचकांना गंमत वाटेल, तिथे आपली नीलगाय आहे, चितळ आहे, काळवीटही आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर नीलगायी सोडल्या, त्या तिथल्या झाडोऱ्यात चांगल्याच रुजल्या. ही परदेशी जनावरं म्हणून त्यांना शिकारबंदीचा हंगाम नाही. आपल्याकडे ज्या काळविटापायी माणूस तुरुंगात जातो, ते तिथे शिकारीचा परवाना काढून, जमीनमालकाला पैसे मोजून बारा महिने मारता येतं.

मेख आहे ती या ‘जमीनमालकात’. टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. ज्याची जमीन, त्याचं फाटक. तुम्ही एक तर दिवसाचे पैसे भरून जायचं, नाही तर चारपाच जणांनी मिळून वर्षाच्या बोलीवर शिकारीचा हक्क घ्यायचा. तिथे त्याला ‘लीज’ म्हणतात. आम्हीही एक लीज घेतली होती. मालकाने दुसऱ्या हंगामात दर वाढवला, तिसऱ्या हंगामात ती जागा आपल्या मेव्हण्याला दिली आणि आम्हाला एका मेसेजवर वाटेला लावलं. कायद्याने त्याचं काही चुकलं नाही. जमीन त्याची.

बरं, त्या लीजवरची शिकार कशी असते तेही सांगते. तीन पायांवर उभा केलेला पिंप, त्यात मका, खाली घड्याळाला जोडलेली चकती. सकाळी ठरलेल्या वेळी चकती घर्रर्र फिरते, मका चहूकडे उडतो आणि पाच मिनिटांत हरणं हजर. शंभर यार्डांवर पत्र्याच्या खोक्यात खुर्ची टाकून आपण बसलेले. याला मी पाप म्हणत नाही. मांस तेच, नेमही धरावाच लागतो. पण माग काढणं नाही, वारा बघणं नाही, चालणं तर नाहीच. मी कुडाळ तालुक्यातली. वडिलांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक होती. ती बहुतेक माकडांवर हवेत बार काढण्यापुरती, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्यापुरती. आजोबांच्या तरुणपणच्या पारधीच्या गोष्टी मात्र भरपूर ऐकल्या. हाकारे कुठून सुटायचे, डुक्कर कुठल्या व्हाळातून निघायचं, वाटे कसे पडायचे. त्या गोष्टींत कुणी घड्याळ लावून मका टाकल्याचं आठवत नाही.

न्यायाने सांगायचं तर ४८ डॉलरचा एक वार्षिक परवाना काढला की टेक्सासातही दहा लाख एकरांवर सगळ्यांना शिकार करता येते. एवढ्या मोठ्या राज्यात आणि एवढ्या शिकाऱ्यांत ते किती पुरणार? हंगामाच्या पहिल्या शनिवारी तिथे हरणांपेक्षा भगवी जाकिटं जास्त दिसतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की जागा निवडताना आधी नकाशा उघडावा आणि जमीन कुणाची आहे ते बघावं. इथल्या सरकारी नकाशांत केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याची जमीन पिवळी असते, राष्ट्रीय वनं हिरवी, राज्याची जमीन निळी आणि खाजगी पांढरी. टेक्सासचा नकाशा पांढराफटक आहे. वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची, आयडाहोची साठ टक्क्यांच्या वर, नेवाडाची ऐंशीच्या घरात. पिवळ्या-हिरव्यात कुणाची परवानगी न मागता गाडी लावायची आणि चालू पडायचं.

पण रंगावरही जाऊ नका. नेवाडात जमीन मुबलक, पण ती बहुतेक कोरडी. जनावर विरळ, परवाने थोडे आणि सोडतीत नाव निघायला वर्षानुवर्षं. इथे वायोमिंगात वेगळीच भानगड आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग टाकणाऱ्या कंपन्यांना सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैल दिले. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा मोठा पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला, एक घर सरकारी, एक खाजगी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात. त्या कोपऱ्यावरून या घरातून त्या घरात पाऊल टाकलं तर खाजगी हद्दीतली हवा ओलांडली म्हणून अतिक्रमण होतं का? २०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ कोपऱ्यावर शिडी लावली आणि जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. फौजदारी खटल्यात ते सुटले. खाजगी जमिनीच्या मालकाने नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावला होता. मार्च २०२५ मध्ये डेन्व्हरच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा ही सहा राज्यं त्या न्यायालयाच्या कक्षेत येतात. मोंटाना येत नाही. बिऱ्हाड हलवणाऱ्याने हरणांच्या आकड्याआधी असा एखादा निकाल वाचावा.

दुसरी गोष्ट रहिवासाची. लेखात ती एका ओळीत उरकली होती आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. परक्या राज्यातल्या शिकाऱ्याला इथे पाहुण्यासारखंच वागवतात, आणि पाहुण्याकडून पैसेही तसेच घेतात. वायोमिंगात रहिवाशाला एल्कचा परवाना साठ डॉलरच्या आत मिळतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं मोठं हरीण. बाहेरच्याला तोच सातशेच्या आसपास, सोडतीत वरचढ संधी हवी असेल तर दोन हजारांच्या घरात, आणि तरी नाव निघेलच असं नाही. मोंटानात रहिवाशाला एल्कसाठी वीस डॉलर, बाहेरच्याला हरीण-एल्कचा जोडपरवाना हजाराच्या वर. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के परवाने रहिवाशांना, १० टक्के वाटाड्या कंपनीमार्फत येणाऱ्यांना आणि उरलेले ६ टक्के तुमच्या-आमच्यासारख्या स्वतःहून येणाऱ्या परक्यांना. वायोमिंगात तर घोषित अरण्यात मोठ्या जनावराच्या शिकारीला बाहेरच्याने एकट्याने जायचंच नाही. परवानाधारक वाटाड्या किंवा इथला रहिवासी बरोबर हवा.

आणि रहिवासी व्हायला वेळ लागतो. मोंटानात सलग १८० दिवस, आयडाहो आणि कोलोरॅडोत सहा महिने, वायोमिंगात पूर्ण एक वर्ष, आणि त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या राज्याचा रहिवासी म्हणून सवलत घ्यायची नाही. नुसतं ड्रायव्हिंग लायसन बदलून भागत नाही. जुन्या राज्यातलं घर कागदोपत्री ‘राहतं’ ठेवून इथे स्वस्तात परवाना काढणारे वनरक्षकांच्या हाती लागतात, दंड होतो, परवाना जातो, आणि बहुतेक राज्यांचा आपसात करार असल्यामुळे एका ठिकाणी गेलेला परवाना इतर ठिकाणीही गेल्यातच जमा. पहिल्या वर्षी मी सशांवर समाधान मानलं. बाकी वेळ वाटा पायाखाली घातल्या, पाणवठे बघून ठेवले. त्याचाच पुढे उपयोग झाला.

तिसरी गोष्ट गुडघ्यांची. लेखातल्या फोटोत एल्कशेजारी हसणारा जवान आहे. ते एल्क गाडीपर्यंत कसं आलं, हे फोटोत नाही. मोठ्या नराचं हाडाविना मांस दोनशे पौंडांच्या घरात भरतं आणि ते पाठीवरून तीन-चार मैल, दऱ्या चढत-उतरत, फेऱ्या मारून आणावं लागतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे ध्यानात घेऊन गाव निवडावं. म्हणून मला कॅस्पर भावलं. इथून तासाभरात सेजब्रश नावाच्या झुडपांच्या उघड्या माळावर पोचता येतं आणि तिथे प्रॉन्गहॉर्न असतात. लोक त्याला अँटिलोप म्हणतात, पण ते काही कुरंगाच्या जातीचं नाही. तपकिरी-पांढरं, चिंकाऱ्याहून थोराड, पळायला लागलं की उत्तर अमेरिकेत त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. उंचसखल जमिनीच्या आडोशाने पोटावर सरपटत जवळ जावं लागतं. कोपरात निवडुंगाचे काटे मोडतात. एका नराभोवती दहा माद्या चरत असल्या तर निदान अकरा जोड डोळ्यांना चुकवायचं असतं.

त्याचं मांस वास मारतं, ही तक्रार इथेही ऐकू येते. वास जनावराचा नसतो, आळसाचा असतो. सप्टेंबरात ऊन कडक असतं आणि लोक आधी फोटो काढत बसतात. मी परवान्याच्या चिठ्ठीवर तारीख घालून, सही करून ती जनावराला बांधते, नि लगेच कातडं उतरवायला घेते. मांस सुती पिशव्यांत घालून पेटीत बर्फावर. केस मांसाला चिकटू द्यायचे नाहीत, एवढं पथ्य. घरी आलं की नवरा ताबा घेतो. तो स्वतः बंदुकीला हात लावत नाही, पण मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं घालून सागुती त्याच्याइतकी छान मला जमत नाही. हरीण किंवा एल्क असेल तर मात्र शिजवण्याआधी तपासणी करून घ्यावी. या भागातल्या हरणांत मेंदू पोखरून जनावराला झिजवणारा एक रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथल्या भाषेत सीडब्ल्यूडी, बराच पसरला आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असाच सल्ला आहे. नमुना राज्याचं खातं तपासून देतं.

एका वाचकभगिनीने लिहिलं होतं की मुक्या जनावरांना मारण्यासाठी घरदार हलवणारी माणसं मराठी म्हणवून घ्यायच्या लायकीची नाहीत. त्यांच्याशी मला भांडायचं नाही, खाटकाकडून आणलेल्या मटणाचाही विषय काढत नाही. फक्त इतकंच, की इथे रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली तो पैसा राज्यांना मुख्यतः वन्यजीवांसाठी मिळतो. रानातल्या हरणाचं मांस विकायला बंदी आहे. किती मारायची हे दर वर्षी कळप मोजून ठरतं. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगात प्रॉन्गहॉर्न हजारोंनी मेली तेव्हा परवाने कापले, आणि कुणी मोर्चा काढला नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे तो तसाच राहावा असं मला वाटतं. भातशेतीत गवे आणि डुकरं शिरतात तो प्रश्न खरा आहे, पण तो शिकारीच्या हौसेने सुटणारा नाही.

राहण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात येऊन भुलू नका. कॅस्परचा वारा जानेवारीत गाडीचं दार हातातून हिसकावतो. डेन्व्हर चारसाडेचार तासांवर. मेथीची जुडी, ताजा नारळ, काही विशेष तपासण्या, सगळं तिकडे, आणि बर्फ पडलं की रस्ता बंद. मोंटानातलं बोझमन सुंदर आहे, पण तिथल्या घरांच्या किमती ऐकून शिकारीला बंदूक घ्यायला पैसे उरणार नाहीत. कुठेही जा, आधी वर्षभर भाड्याने राहा. तसंही रहिवासी व्हायला तेवढा वेळ लागणारच आहे.

शेवटी, लेखात जे अजिबात नव्हतं ते. वाचकांपैकी बरेच तरुण एच-वन बी व्हिसावर असतील. अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्यातून सूट आहे ती अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असलेल्याला. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, बंदूक मात्र कपाटात तशीच असते. हा साधा दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. बिऱ्हाड हलवताना जुन्या राज्याचा परवाना संपला आणि नव्याचा अजून काढला नाही, अशा मधल्या दिवसांत कुणीही सहज अडकेल. तो लेख पुन्हा कुठे छापणार असाल तर एवढी चौकट त्यात जरूर टाका.

आपली,
कुडाळची एक वाचक
कॅस्पर, वायोमिंग
(कृपया नाव छापू नये.)