पाच वर्षं डोळे मिटून चालवा!

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
सादर नमस्कार.

आपण कामात असणार, म्हणून थोडक्यात लिहिणार होतो. काल संध्याकाळी सर्व्हिस सेंटरचा फोन आला आणि तो बेत बारगळला.

माझ्या गाडीचा स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारा भाग) गेलाय. खर्च 46,000 रुपये. गाडी 2021 च्या दसऱ्याची, एक्सटेंडेड वॉरंटी पाचव्या वर्षापर्यंत, तिचे 18,400 रुपये रोख मोजलेले. तरी क्लेम नामंजूर. का? तर म्हणे, "सर, हे खड्ड्यांमुळे झालंय. बाहेरचा मार वॉरंटीत बसत नाही."

मुंबईत गाडी विकताना यांना काय वाटलं होतं, मी ती हॉलमध्ये चालवणार?

मुळात ही वॉरंटी मी मागितलीच नव्हती. तेव्हा चिपचा तुटवडा, चार महिन्यांचं वेटिंग. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये सांगितलं, पॅकेज घेतलंत तर उद्या डिलिव्हरी, नाहीतर दिवाळीनंतर बघू. पॅकेज म्हणजे वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, मॅट-मडफ्लॅपचा किट आणि विमाही त्यांच्याकडूनच. बाहेरून घेतलात तर कॅशलेस विसरा, अशी वर तंबी. घरी बायकोनं झेंडूचा हार करून ठेवलेला, आईनं नारळ. त्या दोघींना काय सांगणार होतो? सही केली. विकणारा पोरगा हसत म्हणाला, "काका, पाच वर्षं डोळे मिटून चालवा." काय काय भरून मिळणार नाही हे सांगणारी पुस्तिका आली दीड महिन्यानं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही, हे मला आता कळलंय. तेव्हा मी जागा नव्हतो. 'जागो ग्राहक जागो' ही आपली जाहिरात बहुधा माझ्यासाठीच होती. पण साहेब, विक्रेत्यानं झोपावं अशी काही जाहिरात आहे का आपल्याकडे?

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. वॉरंटीला तशी मुदत द्या. काय वगळलंय त्याचा मराठीत एक कागद, पैसे भरायच्या आधी. आणि बिलात हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं, नको त्यावर काट मारता येईल असं. मागणं एवढंच होतं.

पण मग हिशेब करत बसलो. शोरूममधून दिवसाला दहा गाड्या सुटत असतील (माझा आपला अंदाज) आणि प्रत्येकाच्या गळ्यात माझ्यासारखंच चाळीसेक हजारांचं लोढणं अडकवत असतील, तर दिवसाचे चार लाख झाले. महिन्याचे सव्वा कोट धरा. एका शोरूमचे! गाडी विकतातच कशाला, नुसते मॅट विका.

रस्ते माझ्या खात्यात येत नाहीत, असं आपण म्हणाल. सर्व्हिस सेंटरही तेच म्हणतं. 8,90,000 च्या गाडीवर 11 टक्के, म्हणजे 97,900 रुपये रोड टॅक्स राज्यानं पहिल्याच दिवशी एकरकमी कापून घेतला. त्या वेळी खातं कुणाचं हे कुणी विचारलं नाही. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय. मी मात्र सकाळी कुर्ल्याहून निघतो तो एका खड्ड्यातून दुसऱ्यात, वर त्या खड्ड्याचा दंड माझ्याच खिशातून. कर घेणारा हात वर करतो, वॉरंटी विकणारा हात वर करतो, आणि बाकी सगळ्यांचे हात माझ्या खिशात.

गाडी अजून तिथेच आहे. पैसे भरल्याशिवाय काम सुरू करणार नाहीत. मघाशी तिथल्या मुलाचा पुन्हा फोन आला. मला वाटलं काही मार्ग निघाला. तर म्हणाला, "काका, कंपनीतून विचारतील सर्व्हिस कशी होती. दहापैकी दहा सांगा ना, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात."

दहा सांगितले.

आपला,
एक गाडीमालक, कुर्ला पूर्व