‘कोणतंही वाद्य चालेल’ हे वाक्य काढ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शाळेसाठी जुनी वाद्यं जमवायला तुम्ही मुलांनी लिहिलेल्या आवाहनाचा मसुदा वाचला. बाकी ठीक आहे, फक्त ‘कोणतंही वाद्य, कशाही अवस्थेत चालेल’ हे वाक्य आधी काढून टाक. त्यामुळे तुमच्याकडे मोडक्या गिटारींचा ढीग जमेल आणि ज्या प्राथमिक शाळेकडे संगीतासाठी पैसाच नाही, तिच्या माथी दुरुस्तीचा खर्च येईल. एका माळ्यावरची अडगळ दुसऱ्या माळ्यावर, एवढंच.

वाद्यं मागण्याआधी शाळेत जाऊन या. शिकवणार कोण आणि त्यांना काय वाजवता येतं? एका वर्गात मुलं किती? कुलूप लागणारं, ओल नसलेलं कपाट आहे का? खोलीत विजेचा प्लग आहे का? शिकवायला फक्त वर्गशिक्षक असतील तर व्हायोलिनचा विचार सोडा. बो, म्हणजे गज, कसा धरायचा हे दाखवणारं कोणी नसेल, तर मुलं दोन आठवड्यांत कंटाळतात. अशा शाळेला युकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य), रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी), खंजिरी, झांजा बऱ्या. आणि पंधरा प्रकारची पंधरा वाद्यं देण्यापेक्षा एकाच प्रकारची पंधरा द्या. 30 मुलांच्या वर्गात दोघांत एक येतं, एक वाजवतो, दुसरा ताल धरतो, आणि शिक्षकांना एकच गोष्ट सगळ्यांना सांगता येते.

रेकॉर्डरमध्ये एक खोच आहे. ही चोचीसारख्या तोंडाची बासरी दोन पद्धतींची मिळते, बरोक आणि जर्मन. दिसायला दोन्ही सारख्याच, पण ‘एफ’ हा स्वर वाजवताना बोटं वेगळी पडतात. वर्गात दोन्ही मिसळल्या की अर्धी मुलं बेसूर वाजतात आणि दोष मुलांच्या कानाला दिला जातो. समोरची भोकं वरून मोज. चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक, पाचवं लहान असेल तर जर्मन. एका शाळेला एकच पद्धत द्या, आणि सगळ्या सोप्रानो, म्हणजे शाळेत वापरतात त्या छोट्या मापाच्याच. कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन आला तर त्याच्या वापरलेल्या रीड (तोंडात धरायच्या पातळ पट्ट्या) टाकून द्या, कितीही चांगल्या दिसल्या तरी.

गिटार आणि व्हायोलिनचं माप बघितल्याशिवाय घेऊ नका. मोठ्यांचं पूर्ण मापाचं व्हायोलिन आठ वर्षांच्या मुलाला झेपत नाही. त्या वयाला साधारण अर्धं माप लागतं, दहाच्या आसपास पाऊण. खात्री करायची तर व्हायोलिन खांद्यावर ठेवून मुलाला डावा हात सरळ पुढे करायला सांग. कोपर किंचित वाकवून बोटं वरच्या गुंडाळीभोवती सहज वळली तर माप बरोबर. गिटार पाऊण मापाची आणि नायलॉन तारांची असावी, पोलादी तारांनी कोवळी बोटं सोलतात. मात्र नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीच चढवू नका. त्यांचा ताण जास्त असतो, खालचा ब्रिज, म्हणजे तारा बांधायची पट्टी, उखडून येतो.

आता तपासणी. व्हायोलिनच्या सगळ्या तारा एकदम सैल करायच्या नाहीत. आतला साउंडपोस्ट, म्हणजे ती छोटी काठी, चिकटवलेली नसते, निव्वळ दाबावर उभी असते. तारा उतरल्या की ती पडू शकते आणि पुन्हा उभी करायला कारागीर लागतो. तारा बदलायच्या त्या एकेक करून. फट दिसली म्हणून झटपट चिकटणारा गोंदही लावू नका. व्हायोलिन सरसाने (जनावरांच्या कातड्याच्या गोंदाने) जोडलेलं असतं ते पुढे उघडता यावं म्हणून.

हार्मोनियमचे सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भर. एकही पट्टी न दाबता भाता झरझर बसला तर हवा गळते आहे. मग स्टॉप उघडून बघ. पट्टी न दाबताच सूर लागून राहिला तर आतली स्प्रिंग किंवा फेल्ट (लोकरीचं जाड कापड) गेलं आहे. उंदीर आणि कसर यांची नजर नेमकी या फेल्टवर आणि चामड्यावर असते, म्हणून झाकण उघडून पाहाच. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, तडकून उडत असेल तर ती पुडी (वरचं चामडं) गेली असं समजा. नवी पुडी घालायची तयारी असेल तरच तबला घ्या.

कीबोर्ड आला की आधी बॅटरीचा कप्पा उघड. पांढरा-हिरवा थर दिसला तर बॅटरी पाझरली आहे. मग एकूण एक पट्टी दाबून ऐक. अडॅप्टर मूळचाच हवा. नसेल तर व्होल्टेज जुळवायचंच, पण जॅकशेजारच्या (पिन घालायच्या भोकाशेजारच्या) छोट्या चित्रात मधला ठिपका अधिक आहे की उणे हेही बघायचं. ते उलटं झालं तर कीबोर्ड जळू शकतो.

वाद्याबरोबर सुटं सामान गेलंच पाहिजे: तारांचे दोन जादा संच, रोझिन (गजाला लावायची राळ), मऊ फडकं, सूर जुळवायचा क्लिपचा ट्यूनर. कित्येक वाद्यं कपाटात जातात ती एक तार तुटल्यामुळे. तुमच्या निधीतला निम्मा तरी यासाठी बाजूला ठेवा, मग वाद्यं चार कमी झाली तरी चालतील. प्रत्येक वाद्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घाला. सोबत एक पान द्या, त्यावर क्रमांक, माप, अवस्था, केलेली दुरुस्ती आणि सोबतचं सामान. एक प्रत शाळेकडे, एक तुमच्याकडे. दात्यांच्या नावाच्या मोठाल्या पट्ट्या मात्र वाद्यावर चिकटवू नका, पॉलिश जातं आणि वाजवणाऱ्या मुलाला रोज कुणाचे तरी उपकार वाचावे लागतात.

तुझी,
आई

ता. क. वाद्यं मोठ्या सुट्टीच्या तोंडावर पोचवू नका. बंद, दमट खोलीत महिनाभर पडून ताणलेली कातडी सैल होतात, लाकूड फुगतं. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात द्या आणि त्याच दिवशी शिक्षकांना तार बदलून दाखवा.