वस्तीवर जाण्याआधी

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू ज्या पंथाच्या वस्तीवर बायकांशी बोलायला निघाली आहेस, तिथं जायच्या आधी दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियातल्या मॅनिटोबा वसाहतीचं प्रकरण समजून घे. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची ही वसाहत. 2005 ते 2009 या काळात तिथं रात्री घरात गुंगीचा फवारा मारून शंभरावर बायका-मुलींवर बलात्कार झाले. सकाळी डोकं जड, अंग दुखतंय, रात्रीचं काही आठवत नाही. वडीलधारी माणसं म्हणायची, सैतानाची करणी, नाहीतर बायकांच्या मनाचे खेळ. औषध जनावरांच्या भुलीचं निघालं. 2011 मध्ये सात जणांना 25 वर्षांची आणि औषध पुरवणाऱ्या पशुवैद्याला 12 वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून कुणी 'आठवत नाही' म्हणाली तर आधी तिच्या लघवीच्या नमुन्याचा विचार कर. गुंगीची काही औषधं अर्ध्या दिवसातच शरीरातून निघून जातात. अंघोळ केली नसेल तर थांबायला सांग. काढलेले कपडे न धुता कागदी पाकिटात ठेव. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि पुरावा जातो. सीपीआर रुग्णालयात 72 तासांच्या आत पोचव, एचआयव्ही टाळायची औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात. उशीर झाला तरी नेच. उपचार मोफत असतात आणि तक्रार नोंदवली नाही म्हणून ते नाकारता येत नाहीत.

बोलताना नवरा, सासू, पंथातला कुणी कारभारी जवळ नको. दुभाषा लागला तर बाहेरचा घे. मॅनिटोबातल्या बायकांना स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळं बाहेरच्या जगाशी बोलायलाही त्या पुरुषांवर अवलंबून होत्या. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरव. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस. मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे तिनं तोंड उघडायच्या आधीच तिला सांगायला हवं. नंतर सांगितलंस तर तिला तो विश्वासघात वाटेल, आणि वस्तीतली दुसरी कुणी बोलायला येणार नाही.

गुन्हा कुठल्याही ठाण्यात, हद्द कुणाचीही असो, झिरो एफआयआर म्हणून नोंदवता येतो. वाळीत टाकायची धमकी आली तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड.

वस्ती सोड, देव सोड असा आग्रह धरू नकोस गं. तिची लेकरं, गुरंढोरं, सगळं तिथंच आहे. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घे. चिठ्ठीवर लिहून दिलास तर ती घरात कुणाच्या तरी हाती लागते.

तुझी,
आई