घर बघताना आधी गाडी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर शनिवारी पेपरात घरांच्या जाहिराती येतात, पानंच्या पानं, शिवाय लेखही येतात की बजेटमध्ये घर पाहिजे असेल तर बदलापूर बघा, वांगणी बघा, टिटवाळा, आसनगाव बघा. कार्पेट एरिया असतो, ईएमआय असतो, क्लब हाऊसचा फोटो असतो. पण सकाळी आठ वाजता त्या स्टेशनवर गाडीत पाय ठेवायला मिळतो का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितेय. मी डोंबिवली पूर्वेला राहते, नोकरी नवी मुंबईत ऐरोलीला आहे, आणि सध्या माझी भाची आणि जावई घर शोधतायत, तो बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), ती नवी मुंबईतच महापेला, त्यामुळे रोज रात्री फोनवर आमचा हाच विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोकलने नोकरीला जाणाऱ्या माणसाने अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. सीएसएमटीपासून ठाणं ३४ किमी, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८, हे सगळ्यांना पाठ असतं. खरं बघायचं ते हे की गाडी तुमच्या स्टेशनातून सुटते की मागून भरून येते. ठाण्याहून सुटणारी लोकल मिळाली तर निदान नीट उभं तरी राहता येतं, आमच्याकडे डोंबिवली लोकलसाठी लोक अर्धा तास आधी घरातून निघतात पण मागून आलेली कर्जत-कसारा सोडून देतात, त्यांना विचारा का ते. आणि दिवा बघा. नकाशावर दिवा डोंबिवलीपेक्षा मुंबईला जवळ, घरं स्वस्त, नवीन लग्न झालेल्यांना वाटतं लॉटरी लागली. पण गाडी येते ती कल्याण-डोंबिवलीची गर्दी भरून, दारातला माणूस हलायला तयार नसतो कारण हलला तर तोच खाली पडेल. दिव्याला फास्ट गाड्या डिसेंबर २०१६ पासून थांबायला लागल्या, पण गाडी थांबणं वेगळं आणि आत शिरायला मिळणं वेगळं, म्हणून तर दिव्यातूनच सुटणारी सीएसएमटी लोकल द्या ही मागणी तिथले लोक इतकी वर्षं करतायत.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि पाच जीव गेले. त्यानंतर लगेच नव्या लोकलला बंद होणारे दरवाजे लावू अशी घोषणा झाली. लावा, चांगलंच आहे. पण ती माणसं हौसेने लटकत नव्हती, त्यांनी जिथे घर परवडलं तिथे घेतलं होतं आणि तिथून निघणाऱ्या गाडीत आत जागा नव्हती. घर घेताना त्यांना हे कोणी सांगितलं होतं का?

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. आपल्याकडे अजून सगळं सीएसएमटी नाहीतर चर्चगेट धरूनच मोजतात पण ऑफिसं कधीच तिथून हलली. बीकेसी, पवई, ऐरोली, महापे, अंधेरी असं सगळीकडे पसरलंय. मी रोज डोंबिवलीहून ठाण्याला उतरते, पुलावर चढते आणि नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर पनवेल-वाशीची गाडी पकडते. पुलावर एकमेकांच्या पाठीला चिकटून सगळे सरकत असतात, समोरची गाडी इंडिकेटरवर एक मिनिट दाखवते आणि आपण अजून जिन्याच्या वरच्या पायरीवर असतो. खाली पोचेपर्यंत ती गेलेली असते. हा सगळा हाल ऐरोली-कळवा मार्ग झाला की कमी होणार आहे, कारण मग कल्याणकडच्या माणसाला नवी मुंबईला जायला ठाण्यात उतरावंच लागणार नाही. हा मार्ग २०१६ ला एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या शहरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजूर झाला, जानेवारी २०२४ मध्ये त्यातलं दिघा गाव स्टेशन चालू झालं, आणि कळव्याकडचं काम झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकलंय. तिथे राहणाऱ्यांना नीट घरं द्या आणि काम पुढे न्या, दोन्ही बाजूंची माणसं किती वर्षं लटकत ठेवणार?

बिल्डरची माणसं साइट दाखवायला रविवारी बोलावतात, गाडी पाठवतात, रस्ता मोकळा असतो आणि ‘स्टेशन १० मिनिटं’ खरंच वाटतं. तेच सोमवारी संध्याकाळी साडेसातला शेअर रिक्षाच्या लाईनीत उभं राहून बघा, किंवा कल्याण-शीळ रोडवर बसमध्ये बसून बघा. बायकांनी तर रात्री दहा नंतर त्या रिक्षा स्टँडवर काय परिस्थिती असते हे मुद्दाम जाऊन बघावं, लाईट आहेत का, रिक्षा मिळते का, एकटीला बसावं लागतं का. ही चौकशी घरातली मोठी माणसं मुलीच्या सासरची करतात तेवढ्या बारकाईने करायला पाहिजे. आणि जुलैत एकदा जाऊन या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती, हजाराच्या आसपास माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. कल्याणच्या पुढे पाणी भरलं की घरी जायला दुसरा रस्ता कुठला, हे घर घ्यायच्या आधी माहीत पाहिजे.

शक्य असेल तर आधी भाड्याने राहा, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करा, एक पावसाळा काढा, मग वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्या. डिपॉझिट आणि ब्रोकरेज जातं हे मान्य, पण दिवसाचे चार तास जाण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

भाचीला मी सांगितलंय की ठाणे पूर्वेला कोपरीत जुन्या बिल्डिंगमध्ये लहान वन बीएचके बघा, तिला महापेसाठी घणसोलीची गाडी ठाण्याहूनच सुटते आणि त्याला बीकेसीसाठी कुर्ल्याला जायला ठाणे लोकल आहे, नाहीतर सरळ वाशी बघा, तिथून त्याला हार्बरने कुर्ला आणि तिला महापे जवळच. कुर्ला पश्चिमेची रिक्षाची लाईन त्याला दोन्हीकडून चुकत नाही, तेवढं सोसावं लागेल. तिच्या सासऱ्यांना अंबरनाथचा टू बीएचके आवडलाय, त्यांचंही चूक नाही, पुढे मूल होईल, आपणही तिथे राहायला जाऊ असं त्यांना वाटतं. पण ते मूल जागं असताना आई-बाप घरी पोचायला पाहिजेत ना?

आता आपल्याला विनंती. घरांच्या पुरवणीत प्रत्येक स्टेशनच्या नावापुढे एवढं छापा: सकाळी सात ते दहा मध्ये तिथूनच सुटणाऱ्या गाड्या किती, थांबणाऱ्या फास्ट किती, शेवटची गाडी किती वाजता, आणि स्टेशनवरून घरापर्यंत बस आहे की फक्त शेअर रिक्षा. टाइमटेबल रेल्वेच छापते, त्यातूनच काढता येईल. आणि ऐरोली-कळव्याचं काम कुठपर्यंत आलं हे आपल्या वार्ताहराला दर महिन्याला जाऊन बघायला सांगा, फोटोसकट छापा, आम्ही कात्रणं काढून प्रवासी संघटनेकडे देऊ.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)